चिऊला मांडीवर घ्या, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणून आईच्या हातात फोन देतात, म्हणून लिहितेय. यंदाची शेती मी अर्धेलीने देऊन टाकली. रविवारी गाडी येईल. मृगाच्या आधी तुम्ही दोघं पुण्यात. रागवा, पण ऐका.

बाबा, गेल्या पावसात तुम्हाला खोकला सुरू झाला तेव्हा "सितोपलादी घ्या" असं मीच सांगितलं होतं. ते मनातून जात नाही. मग ताप आला, वजन उतरलं, दोन महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, आणि टीबी नव्हताच. "माती कधी कुणाला बाधत नाही" म्हणता तुम्ही. धडधाकट माणसाला सहसा नाहीच बाधत. पण आईने दिलेली किडनी तुमच्या अंगाने परकी मानू नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. मग मातीतला नोकार्डिया नावाचा जंतू धुळीबरोबर छातीत जातो आणि तिथेच घर करतो. डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवला होता: फांद्या फुटलेले बारीक लालसर धागे. टीबीच्या तपासणीतला रंग तोही थोडाफार धरतो, म्हणून फसगत होते. कलमांची आळी करताना सुकं शेणखत तुम्ही हाताने चुरता, पातेरा ओढताना धूळ उडते. नेमका कधी गेला, कोण सांगणार?

आई, लेकीकडे किती दिवस राहायचं, हे मनात आणू नकोस. खोली ह्यांनीच रिकामी केली. सकाळी उकड्या तांदळाची पेज होईल, बाबांची आरामखुर्ची गॅलरीत मावते, मी मापून पाहिली. देवाला दिवा शेजारच्या काकी लावतील. चतुर्थीला सगळे देवगडला जाऊ, गणपतीवरची माटवी बाबाच सांगतील तशी बांधू. फक्त माती दुसऱ्यांच्या हाताला लागू दे.

लहानपणी लावणीहून आले की विहिरीवर बसवून माझ्या बोटांच्या बेचक्यांतला चिखल तुम्ही काडीने काढायचात, बाबा. दुखू नये म्हणून फुंकर घालत.

आता नीट ऐका. या जंतूवरची गोळी, सेप्ट्रान, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत घ्यायची, वर्ष लागलं तरी. खोकला गेला म्हणून बंद नाही. शहाळं अजिबात नको. या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, त्यात शहाळ्याची भर पडते. डोकं दुखलं, तोल गेला, तर त्याच दिवशी फोन. हा जंतू छातीतून मेंदूकडे जाऊ शकतो. एमआरआय त्यासाठीच केला होता, आणि तो स्वच्छ आला होता, घाबरू नका.

मागे इथे होतात तेव्हा चिऊ जवळ आली की पंचा तोंडावर धरून मागे सरायचात. पेलाही वेगळा काढला होतात. हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, बाबा. तिला सर्दी असेल तेव्हाच तिला लांब ठेवू, तेही तुमच्यासाठी. तो पेला मी धुऊन आमच्यात मिसळून टाकलाय.

आई, कुळथाचं पीठ आण.

तुमची,
बाय