वही आता मिटून ठेव

पुणे,
१२ जुलै

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, रोज रात्री जेवणं उरकली की काकांच्या साइटचं एकेक पान उघडतोस आणि लिंकांचे पत्ते वहीत उतरवून घेतोस. ते ऐकून मला राहवेना. दिवाळीनंतर साइट बंद होणार, त्याआधी मालवणी शब्दांवरचे सगळे लेख वाचवायचे हे तू मनावर घेतलंस, याचं मला फार अप्रूप आहे. पण वही मिटून ठेव. काकांना फोन करून परवानगी घेतली आणि रविवारी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहून साइटवर चालवला. यादी सोबत आहे. ती कशी तयार झाली हे मात्र सविस्तर सांगतो, पुढच्या वेळी तुझं तुला करता यायला हवं.

आधी मी घाई केली. एचटीएमएल (वेबपानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात ती) म्हणजे अक्षरांची माळच, असं धरून रेगेक्स, म्हणजे मजकुरात ठरावीक साचा शोधणारं सूत्र, लावला: लिंकेचा पत्ता सांगणारा 'एचरेफ', बरोबरचं चिन्ह, दुहेरी अवतरण, मधलं काय ते उचल. निम्म्याहून जास्त लिंका निसटल्या. काकांनी २००० सालाच्या आसपास पानं हाताने बनवली, तेव्हा कुठे एकेरी अवतरण आहे, कुठे अवतरणच नाही, कुठे टॅग (कोनी कंसातली खूण) कॅपिटलमध्ये, कुठे बरोबरच्या चिन्हाआधी मोकळी जागा. एचटीएमएलला हे सगळं चालतं. आणि नको ते मात्र हाती लागलं: काकांनी कॉमेंटमध्ये, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या टिपणात, झाकून ठेवलेल्या जुन्या लिंका.

मग पार्सरकडे, म्हणजे एचटीएमएलची रचना समजून वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडे, वळलो. पायथनसोबत 'एचटीएमएल-पार्सर' आयता मिळतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तो पान वाचत जातो आणि सुरुवातीचा टॅग लागला की तुझ्या फंक्शनला हाक मारून टॅगचं नाव आणि त्याचे अ‍ॅट्रिब्यूट हातात देतो (अॅट्रिब्यूट म्हणजे टॅगला जोडलेले तपशील, जसा एचरेफ). नावं स्मॉल लेटर्समध्ये करून, अवतरणं सोलून. पत्त्यात & हे चिन्ह '&' अशा लांबलचक एन्टिटीने लिहिलेलं असलं तर त्याचं साधं & करून देतो. कॉमेंट वेगळ्या वाटेने जाते आणि स्क्रिप्टच्या आतला मजकूर तो टॅग म्हणून वाचत नाही. आपण विचारायचं एवढंच: टॅग 'ए' आहे का, त्याला एचरेफ आहे का? दहा ओळींत काम होतं.

दुसरा प्रश्न विसरू नकोस. 'ए' म्हणजे अँकर, नांगर. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचं वेब सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेबाहेरच्या लोकांना खुलं झालं, तेव्हापासूनचा हा टॅग. जुन्या पद्धतीत नांगर दोन्ही टोकांना टाकत: एकीकडे 'एचरेफ', आणि जिथे पोहोचायचं तिथे नुसतं 'नेम'. काकांच्या शब्दसूचीत असे शेकडो नुसत्या नावाचे नांगर आहेत. त्या लिंका नव्हेत.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तर मुखपृष्ठावर एकही लिंक नाही! अर्धा तास चूक शोधत बसलो. शेवटी पानाचा सोर्स उघडला तर तिथे फ्रेमसेट. पान म्हणजे नुसती चौकट, खरी पानं 'फ्रेम' टॅगच्या 'एसआरसी'मध्ये. 'फ्रेम', 'आयफ्रेम' आणि चित्रावरच्या नकाशाचा 'एरिया' हेही तपासायला लावलं आणि मग गाडी मार्गी लागली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पत्ते पूर्ण करण्याने, आणि तेच तुला नीट समजायला हवं. तुझ्या गावी पहिल्यांदा आलो तेव्हा कोणीतरी सांगितलं होतं, 'पाराच्या पलीकडलं तिसरं घर.' मी पाराच्या दुसऱ्या अंगाला उभा होतो, म्हणून भलत्याच ओटीवर जाऊन बसलो. काकांच्या बहुतेक लिंका अशाच आहेत. लिंकेत नुसतं 'म्हणी' या पानाचं नाव असतं, आणि ते कुठे न्यायचं हे आपण कुठे उभे आहोत यावरून ठरतं. आपण 'लेख/मालवणी/' वर असलो तर पत्ता 'लेख/मालवणी/म्हणी' होतो. शेवटची तिरपी रेघ नसली तर 'मालवणी' हे फाइलचं नाव धरलं जातं आणि पत्ता नुसता 'लेख/म्हणी' होतो. एका रेघेने एक पायरी हुकते! ही जोडणी हाताने करू नकोस, पायथनचं 'यूआरएल-जॉइन' हे काम चोख करतं. मात्र त्याला आपण मागितलेला पत्ता देऊ नकोस, सर्व्हरने शेवटी जिथे नेऊन पोहोचवलं तो दे. मी नेमकं इथेच चुकलो होतो. सर्व्हर गुपचूप रेघ असलेल्या पत्त्यावर पाठवत होता आणि मी जुनाच पत्ता धरून बसलो होतो. पानाच्या डोक्यात 'बेस' टॅग असेल तर तो सगळ्यांवर मात करतो, तेही आधी बघ.

काही लिंकांमध्ये उलटी तिरपी रेघ निघाली. ब्राउझर ती मुकाट्याने सरळ करून घेतो, यूआरएल-जॉइन तसं करत नाही. ती मी आधीच बदलून घेतली.

यादीत काही ठिकाणी टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसेल. घाबरू नकोस, ते देवनागरीच आहे. मराठी विकिपीडियाकडे जाणाऱ्या लिंका तशा असतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्का धरून तीन अक्षरं लागतात. म्हणजे 'मराठी' या पाच चिन्हांच्या शब्दाला ४५ अक्षरं. पायथनच्या 'अनकोट' फंक्शनमधून काढलं की शब्द पुन्हा दिसतो. लिंकेवरचा मजकूर मात्र काकांनी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलाय, तो अगम्य दिसेल. टॅग आणि पत्ते साध्या रोमनमध्ये असल्याने पार्सरचं काही अडलं नाही. मजकुराचं रूपांतर आपण सावकाश करू.

दोन पानांमध्ये मी तीन सेकंद थांबलो. काकांचं होस्टिंग अगदी साधं आहे आणि पावसाळ्यात तुम्हा सिंधुदुर्गवाल्यांनाच ती साइट उघडायला किती वेळ लागतो! दुसऱ्या कुणाच्या साइटवर जाशील तेव्हा आधी तिची 'रोबॉट्स' फाइल वाच, प्रोग्रॅमने कुठे जाऊ नये ते तीत लिहिलेलं असतं. १९९४ पासूनचा हा प्रघात आहे, २०२२ मध्ये त्याचं रीतसर मानकही झालं.

आता तुझं काम. यादीत ३८ लिंकांपुढे मी लाल खूण केली आहे, ती पानं उघडत नाहीत. त्यातल्या २७ चं कारण कळलं: मध्यंतरी काकांनी सर्व्हर बदलला, जुन्याला कॅपिटल आणि स्मॉल एकच होतं, नव्याला नाही. नाव नीट लिहिलं की पान उघडतं. उरलेल्या ११ फाइली सर्व्हरवर नाहीतच. काकांच्या कपाटात तेव्हाच्या सीडी असतील, एकदा त्यांच्याकडे जाऊन बघ. या अकरातल्या एका फाइलचं नाव रोमनमध्ये 'गाऱ्हाणं' असं आहे. देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यांचे जुने पाठ त्यात असणार. बाकी काही मिळो न मिळो, ती सीडी तेवढी शोध.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
अव्या