पाच औंसांचं भांडण

सांगली, 20 जून

प्रिय शुभा,

दिवाळीपासून तुला पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. रागावली असशील. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर "असू दे गं" म्हणून विषय बदलतील.

मुक्ताच्या शाळेत 'दहावीनंतर काय' म्हणून पालकांसाठी व्याख्यान होतं. वक्त्यांनी पडद्यावर दोन मेंदू दाखवले, एक निळा, एक गुलाबी. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल मुलींमध्ये जाड असतो म्हणे, म्हणून त्यांना भाषा आणि माणसं कळतात. मुलांना नकाशे आणि गणित. पालक माना डोलावत होते. मुक्ता माझ्या शेजारी बसून वहीत उतरवून घेत होती. मी उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही, आणि ते अजून सलतंय.

तोच पूल गं, आपला कॉर्पस कॅलोसम! 1982 चा 'सायन्स' नियतकालिकातला शोधनिबंध, 14 मेंदू, त्यांतले बायकांचे फक्त 5. तू हॉस्टेलच्या गच्चीवर म्हणाली होतीस, "पाच बायकांच्या मतावर आपल्या मेसची भाजीसुद्धा ठरत नाही!" वैशू हसून हसून टाकीला टेकली होती. 1997 मध्ये बिशप आणि वाल्स्टेन यांनी 49 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो फरक टिकला नाही. तरी अजून मुलींच्या वहीत तो उतरतोच आहे.

घरी आल्यावर मी मुक्ताला हेलन गार्डनर या अमेरिकन लेखिकेची गोष्ट सांगितली. 1887 साली रोमेन्ससारखा मोठा शास्त्रज्ञ लिहितो की बाईचा मेंदू पाच औंस हलका, म्हणून बुद्धी कमी. ही बाई शास्त्रज्ञ नव्हती, तरी मेंदूतज्ज्ञांना गाठून प्रश्न विचारत सुटली, 1888 मध्ये वॉशिंग्टनच्या महिला परिषदेत उत्तर दिलं आणि मरताना स्वतःचा मेंदू कॉर्नेल विद्यापीठाला देऊन गेली. मग फ्रँकलिन मॉल या शरीररचनातज्ज्ञाचं सांगितलं. बीन नावाच्या डॉक्टरने मेंदू मोजून वंशांत आणि स्त्री-पुरुषांत फरक दाखवला होता. जॉन्स हॉपकिन्समध्ये मॉलने 1909 मध्ये मेंदू पुन्हा मोजले, पण कुठला कुणाचा हे आधी स्वतःलाच कळू न देता. फरक नाहीसा झाला. मुक्ताचे डोळे चमकले.

आणि तिने विचारलं, "म्हणजे काहीच फरक नसतो?"

मी म्हटलं, "नसतो." ठासून म्हटलं. त्या रात्री झोप लागली नाही.

शुभा, तेव्हा तुझ्या गाइडनी प्रयोगासाठी मादी उंदीर घेऊ दिले नाहीत, 'पाळीचं चक्र आकडे बिघडवतं' म्हणाले, आणि तू रडत खोलीवर आलीस. मी काय म्हणाले आठवतंय? "बरंच झालं. फरक शोधायला गेलीस की उद्या तोच आपल्या गळ्यात बांधतील." तू म्हणालीस, "न मोजणं हेही राजकारणच आहे." तीन आठवडे आपण बोललो नाही. वैशूने निरोप्याचं काम केलं, शेवटी तीही वैतागली.

तुझं खरं होतं. मेंदूविज्ञानात एका मादीमागे साडेपाच नर वापरले जात होते, हे बिअरी आणि झुकर यांनी 2011 मध्ये छापलं. 2014 मध्ये 293 निबंध तपासून दिसलं की उंदरांच्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नसतातच. झोपेचं औषध झोल्पिडेम 1992 पासून बाईला आणि पुरुषाला सारखंच दिलं जायचं. बायकांच्या शरीरातून ते सावकाश उतरतं, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात असतं, म्हणून अमेरिकेत बायकांची मात्रा 10 वरून 5 मिलिग्रॅम केली, तीही 2013 मध्ये. मधली 21 वर्षं कुणाची?

उंदरांचा तो 2014 चा निबंध मी तेव्हाच वाचला होता. तुला कळवला नाही. 2015 मध्ये डाफ्ना जोएलचा 1400 मेंदूंचा निबंध आला, की प्रत्येक मेंदूत दोन्हीकडच्या गुणांची सरमिसळ असते, तेव्हा मात्र रात्री अकराला फोन केला होता. त्यावर पुढच्या वर्षी आक्षेप छापून आले, की सगळी मापं एकत्र धरली तर मेंदू बाईचा की पुरुषाचा हे संगणकाला बहुतेक वेळा ओळखता येतं. ते मी उघडूनही पाहिले नाहीत. पुरुषांचा मेंदू सरासरी 11 टक्के मोठा असतो, आणि आकार वजा केला की उरलेला फरक फार थोडा, हे लीझ एलिअट यांचं 2021 चं म्हणणं मला पटतं. पण ते मला आवडतं म्हणून पटतं का, हे मला सांगता येत नाहीये. मुक्ताला गणितापासून कुणी हटवू नये, एवढ्यासाठी मी तिला अर्धंच सांगितलं. त्या वक्त्यांनीही अर्धंच सांगितलं होतं.

नवीन नोकरी कशी आहे? अनूचं लग्न ठरलं हे वैशूकडून कळलं. खूप आनंद झाला, तारीख कळव. भाऊजींची साखर?

रविवारी सकाळी मुक्ता तुला फोन करेल. मी तिला सांगितलंय की त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं, बरोबर उत्तर शुभामावशीला विचार. तुझी ती उंदरांची हिरवी वही अजून असेल तर तिला दाखव, ते पानसुद्धा, जिथे तू माद्यांसाठी रकाना आखून कोरा ठेवला होतास.

तुझी,
सुमा