एआय टेलिफोन रिसेप्शनिस्ट सेवेतील गंभीर त्रुटींबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

विषय: प्रसूतिगृहाच्या दूरध्वनीवरील एआय रिसेप्शनिस्टने तातडीचा फोन माणसाकडे न जोडल्याबाबत व रुग्णाची गोपनीय माहिती उघड केल्याबाबत.

महोदय,

फलटण येथील आमच्या प्रसूतिगृहासाठी आम्ही आपल्या कंपनीची एआय रिसेप्शनिस्ट सेवा वार्षिक करारावर घेतली होती. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत आणि रात्रपाळीत सुटणारे फोन उचलले जावेत, एवढाच आमचा हेतू होता. सेवा निवडताना आम्ही आपल्यासह तीन कंपन्यांशी बोललो होतो. त्यांपैकी एका कंपनीने, प्रसूतिगृहाचे रात्रीचे फोन आपण यंत्रावर घेत नाही, असे स्पष्ट सांगितले होते. आपल्या प्रतिनिधीने मात्र, तातडीचा फोन आला की यंत्र तो ओळखते आणि काही सेकंदांत ड्यूटीवरील सिस्टरकडे जोडते, असे आश्वासन दिले आणि तसे कलम करारातही घातले. त्या कलमाच्या भरवशावर आम्ही आपली निवड केली, आणि नेमके तेच कलम पाळले गेलेले नाही.

घडले ते असे. आठवा महिना सुरू असलेल्या एका महिलेने संध्याकाळी उशिरा फोन केला. ती ऊसतोडणीच्या टोळीबरोबर बीड जिल्ह्यातून आलेली असून टोळीची वस्ती गावापासून लांब, फडाजवळ आहे. आपल्याच पोर्टलवर असलेल्या संभाषणाच्या नोंदीत तिचे शब्द असे आहेत: “दुपारपासून अंगावरून जायलंय, पोट दुखत नाही, पण थांबंना.” त्यावर यंत्राने तिला “काळजी करू नका, भरपूर पाणी प्या आणि विश्रांती घ्या” असे सांगितले, दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजून 40 मिनिटांची वेळ दिली आणि दिवस शुभ जावो म्हणून फोन बंद केला. नोंदीत या फोनचे वर्गीकरण “सर्वसाधारण चौकशी” असे आहे.

शेवटच्या तीन महिन्यांत न दुखता अंगावरून रक्त जाऊ लागले, तर वार (प्लॅसेंटा) खाली सरकलेली असण्याची शक्यता प्रथम धरावी लागते. अशा वेळी तासाभराचा उशीरही आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतो. वस्तीवर भेटीसाठी आलेल्या आशाताईंनी तिची अवस्था पाहून त्याच रात्री 108 ची रुग्णवाहिका बोलावली, म्हणून ती वेळेत पोहोचली आणि आज बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. यात आपल्या सेवेचा काडीचाही वाटा नाही. महाराष्ट्रात 108 ही सेवा 2014 पासून चालू आहे आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना तो क्रमांक तोंडपाठ आहे. आपल्या यंत्राला तो क्रमांक सांगण्याचेही सुचू नये, हे माझ्या समजुतीपलीकडचे आहे.

आम्ही विचारणा केल्यावर आपल्या तांत्रिक विभागाने, तातडीच्या लक्षणांच्या यादीत “रक्तस्राव”, “प्रसूतिवेदना”, “गर्भजलस्राव” असे शब्द असून संबंधित महिलेने त्यांपैकी एकही उच्चारला नाही, असे ईमेलने कळवले. हे स्पष्टीकरण वाचून मला अतिशय वाईट वाटले. माझ्या आजवरच्या प्रॅक्टिसमध्ये एकाही बाईने मला “गर्भजलस्राव होत आहे” असे सांगितलेले नाही. बायका कळा येतायत म्हणतात, पाणी गेलं म्हणतात, बाळ फिरंना म्हणतात. आणि पुष्कळदा तर संकोचामुळे एवढेही न बोलता “जरा बरं वाटत नाही, मॅडम आहेत का” असे विचारतात. रिसेप्शनवर बसणारी आमची मुलगी बारावी शिकलेली आहे. पण आवाज ऐकूनच ती फोन सिस्टरच्या हातात देते. पाठ्यपुस्तकातल्या शब्दांची यादी करून मराठी येते असा दावा करणाऱ्या सेवेने निदान एखाद्या प्रसूतिगृहात बसून चार दिवस फोन ऐकायला हवे होते. शिवाय खात्री नसेल तर फोन माणसाकडे द्यायचा, हा अगदी साधा नियमही यंत्रात नाही, हे त्या ईमेलवरूनच दिसते.

यंत्राने दिलेला सल्ला हा तर स्वतंत्र गुन्हाच मानावा लागेल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 25 मार्च 2020 रोजी प्रसृत केलेल्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णास सल्ला देण्याची वा औषध सुचवण्याची मुभा नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पाणी प्या आणि विश्रांती घ्या हा सल्लाच आहे, आणि तो आमच्या प्रसूतिगृहाच्या नावाने दिला गेला.

दुसरी घटना गोपनीयतेची आहे. आपले यंत्र रुग्णाची ओळख फक्त मोबाइल क्रमांकावरून पटवते. आमच्याकडे येणाऱ्या अनेक घरांत एकच फोन असतो, आणि टोळ्यांमधल्या बायका तर मुकादमाच्या फोनवरून बोलतात, हे मी करारापूर्वीच्या बैठकीत सांगितले होते. तरीही एका सासूबाईंनी स्वतःच्या तपासणीसाठी फोन केला असता, “आपण गर्भपातानंतरच्या तपासणीच्या भेटीबाबत फोन करत आहात का?” असे यंत्राने त्यांना विचारले. ती भेट त्यांच्या सुनेची होती. भेटीचे कारण हा रकाना फक्त आमच्या कर्मचाऱ्यांना दिसेल, असे आपण लिहून दिले होते. त्या मुलीला घरी काय सोसावे लागले, ते मी या पत्रात लिहिणार नाही. वैद्यकीय गर्भपात कायदा, 1971 मध्ये 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा महिलेची ओळख व तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 नुसारही, काम दुसऱ्या कंपनीकडून करून घेतले तरी जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते. म्हणजे चूक आपल्या यंत्राची आणि उत्तर द्यायचे आम्ही, अशी ही स्थिती आहे.

नोंदी तपासताना आणखी एक फोन सापडला. मुलगा आहे की मुलगी ते कळेल का, असे एका गृहस्थाने विचारल्यावर यंत्राने “याबाबतची माहिती डॉक्टर सोनोग्राफीच्या वेळी देतील” असे उत्तर दिले आहे. गर्भाचे लिंग सांगण्यास बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा, 1994 लागू असलेल्या देशात सोनोग्राफी केंद्राच्या फोनवरून असे वाक्य जाणे म्हणजे काय, हे आपल्या विधी विभागाला विचारावे. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, असा फलक आमच्या दारातच आहे.

फडावरून किंवा रस्त्यावरून बोलताना रेंज तुटते, आणि पलीकडून काही सेकंद आवाज आला नाही की यंत्र फोन ठेवून देते, हीदेखील तक्रार आम्ही पूर्वी केली होती. तिला “मॉडेल वापरातून शिकत जाईल” असे उत्तर मिळाले. गरोदर बायकांच्या जिवावर कोणत्याही यंत्राने शिकू नये, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही फोन आपल्याकडे वळवणे बंद केले असून रात्रीचे फोन आता पुन्हा सिस्टर घेतात. करारभंगामुळे वर्षाचे संपूर्ण शुल्क परत मिळावे. आमच्या क्रमांकावर आलेल्या सर्व फोनचे ध्वनिमुद्रण व लेखी नोंदी प्रथम आमच्या ताब्यात द्याव्यात, आणि त्यानंतरच रुग्णांची माहिती आपल्या व आपण नेमलेल्या अन्य कंपन्यांच्या सर्व्हरवरून पुसून टाकून तसे सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. ही संभाषणे यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली का, याचाही त्यात स्पष्ट उल्लेख असावा. आपली सेवा वापरणाऱ्या अन्य प्रसूतिगृहांना या त्रुटी तातडीने कळवाव्यात, ही मागणी मला शुल्काच्या परताव्याहून अधिक महत्त्वाची वाटते, कारण त्यांच्याकडचे फोन आज रात्रीही हेच यंत्र उचलणार आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवू. उत्तर लेखी असावे आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व सही असावी.

आपली विश्वासू,
स्त्रीरोगतज्ज्ञ व संचालिका,
प्रसूतिगृह, फलटण, जि. सातारा

सोबत: कराराची प्रत, तीन संभाषणांच्या नोंदी (रुग्णांची ओळख वगळून), तांत्रिक विभागाच्या ईमेलची प्रत