एकत्र की वेगळं?

श्टुटगार्ट, जर्मनी, रविवार, रात्री साडेनऊ

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर रोज बोलतोच, पण आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलात का", "थंडी आहे का", मग बाबा स्पीकर लावणार, मागून काकू "कधी येणार गं?" म्हणून विचारणार, की संपलं. मला दोन गोष्टी नीट सांगायच्या आहेत आणि त्या स्पीकरवर सांगण्यासारख्या नाहीत. पोस्टानं पाठवलं तर कधी पोचेल कोण जाणे, म्हणून लिहून झालं की फोटो काढून मनूच्या फोनवर टाकते. तिनं मोठ्यानं वाचून दाखवू नये. बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचावं, मग आईनं.

आधी तब्येती. चिनूचा खोकला गेला. प्रसादचं पाठीचं दुखणं आता नाही. माझं वजन दोन किलोनं वाढलंय, तेव्हा "वाळलीस गं" हे वाक्य या खेपेला चालणार नाही.

आता "सारखं बाहेर खाता" याबद्दल. आई, तू बघतेस ते फोटो बाहेर खाल्ल्याचेच असणार, कारण घरच्या वरणभाताचा फोटो कोण काढतं? सोमवार ते शनिवार रात्रीचं जेवण घरीच होतं. घर सामानासकट भाड्यानं मिळालंय, त्यात विजेच्या दोन शेगड्या आहेत आणि छताला धुराचं यंत्र. पहिल्याच आठवड्यात मोहरीची फोडणी केली तर ते असं कोकललं की वरच्या मजल्यावरच्या आजी ओली चादर घेऊन खाली आल्या. तेव्हापासून फोडणी करताना एकानं खिडकी उघडायची आणि दुसऱ्यानं टॉवेल हलवायचा. पोळ्या प्रसाद करतो. छान करतो. हे काकूला सांगायची गरज नाही.

राहिला रविवार. रविवारी इथं दुकानं बंद असतात. बंद म्हणजे आपल्याकडे सोमवारी बाजार बंद असतो आणि मागच्या दारानं सगळं मिळतं, तसं नाही. खरंच बंद. एखादी बेकरी सकाळी दोन-तीन तास उघडते, मोठ्या स्टेशनातलं दुकान चालू असतं, बास. पहिल्या रविवारी आमच्याकडे अर्धा पाव आणि दोन कांदे होते. त्या दुपारी नाइलाजानं गल्लीच्या टोकाच्या हॉटेलात गेलो आणि तेव्हापासून दर रविवारी जातो. आता नाइलाज राहिलेला नाही, हे कबूल करते. आठवडाभर मी अंधारात जाते आणि अंधारात येते, तिघांनी समोरासमोर बसून सावकाश जेवायची तेवढीच एक वेळ. आधी चिनूला त्साकेमधून फिरवून आणतो. त्साके म्हणजे दातेरी चाकाची गाडी, मारीएनप्लात्सपासून डेगरलोखचा चढ चढते, १८८४ पासून चालू आहे. पुढच्या डब्यावर लोक सायकली चढवतात. चिनू ड्रायव्हरच्या मागची काच सोडत नाही.

आणि शाकाहाराची काळजी सोडा. या भागात मसुराची आमटी खातात. चक्क! व्हिनेगर घालून आंबट करतात, आणि तिच्याबरोबर श्पेट्सल, म्हणजे सैलसर पीठ पाटावरून सुरीनं खरवडून उकळत्या पाण्यात सोडलेले तुकडे. आई, वरणफळंच गं. आमसुलाऐवजी व्हिनेगर, एवढंच. वर सॉसेज ठेवतात, ते "नको" म्हणायचं. आणि मसुरात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे नाहीत ना, हेही विचारायचं. हे दुसरं आम्ही आता न चुकता विचारतो. फसलो होतो माउलटाशनला. उकडलेल्या चौकोनी करंजीसारखा पदार्थ, आत हिरवं पालकाचं दिसतं, आणि निम्मा घास खाल्ल्यावर कळतं की पालकाबरोबर खिमा आहे. बाबा, नेमका सोमवार होता. हापिसातला एकजण म्हणाला, ही लबाडी जुनीच आहे: ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मांस वर्ज्य, तर माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून ते पिठाच्या आवरणात लपवलं, अशी दंतकथा. लोकांनी नाव ठेवलंय त्याचा अर्थ साधारण "देवाला फसवणारे". उपासाला साबुदाणा वडा आणि बटाट्याची भाजी हाणणाऱ्या आपण त्यांना काय बोलायचं? भाजीचे माउलटाशन वेगळे मिळतात, आता तेच मागवतो.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण बाबांना ती पटणार नाही.

मागच्या महिन्यात माझा साहेब म्हणाला, शुक्रवारी सगळे जेवायला जाऊ. आपण आठजण. आता "जेवायला जाऊ" म्हणणारा जेवू घालतो, असं मी गृहीत धरलं आणि संकोचानं स्वस्तातलं सूप आणि एक थाळी मागवली. पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं बरं का. बसल्याबरोबर तांब्या-भांडं समोर येत नाही. बाटली मागवायची, तीही बुडबुड्यांची की साधी ते सांगून. जेवण झालं. वाढणारी बाई आली. तिच्या कमरेला कंडक्टरच्या बॅगेएवढं चामड्याचं पाकीट. तिनं विचारलं, "त्सुझामन ओडर गेट्रेंट?" म्हणजे एकत्र की वेगळं? सगळे एका सुरात म्हणाले, वेगळं.

मला वाटलं, आठनं भागणार असतील. नाही हो. ती टेबलाच्या एका टोकाला उभी राहिली आणि प्रत्येकानं आपण काय काय खाल्लं त्याचा पाढा म्हटला. एक सूप, एक मासा, दोन बिअर. तिनं बेरीज केली, पैसे घेतले, सुटे दिले, एक पाऊल सरकली. पुढचा. दोघांनी मिळून बटाट्याची एक बशी घेतली होती, ती त्यांनी अर्धी अर्धी सांगितली. पाण्याची मोठी बाटली तिघांत होती, तिच्यावर जरा चर्चा झाली. वीस मिनिटं हे चाललं आणि कोणाची चुळबुळ नाही, कोणाला लाज नाही. बक्षिशीसुद्धा बशीत ठेवून निघायचं नाही. बावीस युरो ऐंशी सेंट झाले असतील आणि आपल्या हातात मिळून तीस युरोच्या नोटा असतील, तर तोंडानं "पंचवीस" म्हणायचं. ती पाच परत देते. माझ्या तिप्पट पगाराच्या साहेबानं आपले तेवढे दिले आणि कोट चढवला.

माझी पाळी आली तेव्हा मला राहवलं नाही. उरलेल्या तिघांकडे बघून मी म्हटलं, "यांचं मी देते." टेबल शांत. शेजारची बाई हळूच म्हणाली, "आज तुझा वाढदिवस आहे का?" इथं वाढदिवस ज्याचा त्यानंच इतरांना खाऊ घालायचं असतं, केकसुद्धा स्वतः करून न्यायचा. नाही म्हटल्यावर त्यांना माझी काळजी वाटायला लागली. शेवटी ज्यानं त्यानं आपापले दिले.

बाबा, तुम्ही आणि नानाकाका स्टँडजवळच्या हॉटेलात गल्ल्यावर जी झटापट करायचात ती मला तिथं जशीच्या तशी दिसत होती. "हात धुऊन येतो" म्हणून तुम्ही उठायचात आणि पैसे देऊनच परत यायचात. मग काका रिक्षात बसेपर्यंत तुमच्या खिशात नोटा कोंबायचे आणि तुम्ही त्या रिक्षात परत फेकायचात. आम्ही पोरी लाजेनं दुसरीकडे बघायचो.

पण ही माणसं कंजूष नाहीत, हे सांगायला एवढं लिहिलं. ज्या बाईनं वाढदिवसाचं विचारलं, तिनंच सोमवारी चिनूसाठी तिच्या मुलाचं जाड जाकीट आणलं. धुतलेलं, चेन दुरुस्त केलेली. पैशाचं विचारलं तर रागावली. तिच्या कॉफीचे पैसे मात्र ती मला कधी देऊ देणार नाही आणि माझ्या कॉफीचे स्वतः देणारही नाही. मला याचा आधी राग आला, मग सवय झाली, आणि आता खरं सांगायचं तर बरं वाटतं. कोणाचं काही फेडायचं राहत नाही. हे तुम्हाला लिहितानाच कसंतरी होतंय.

आमच्या रविवारच्या हॉटेलातली गंमत राहिली. पहिल्या दिवशी आमची ताटं आली आणि चिनूपुढे वाढणाऱ्या मावशींनी नुसती रिकामी बशी ठेवली, वर छोटा काटा. आम्हाला वाटलं, याचं मागवलेलं विसरल्या. प्रसादनं हाक मारली, तर त्यांनी डोळे मिचकावून हात लांबवला आणि त्याच्याच ताटातलं काहीतरी उचलल्याचा अभिनय केला. मेन्यूत याला नाव आहे: रॉयबरटेलर. दरोडेखोराची थाळी! किंमत शून्य युरो. पोरानं आईबापाच्या ताटांवर दरोडा घालायचा. चिनूला हे कळायला एक क्षणसुद्धा लागला नाही. आधी बापाचे चार श्पेट्सल गेले, मग माझा तळलेला कांदा, कडकडीत तेवढा निवडून. घरी वाटीभर वरणभात संपवायला तासभर लावणारा मुलगा बशी चाटून "अजून एक दरोडा" म्हणाला. आता घरीसुद्धा रिकामीच बशी मागतो. मी त्याला सांगितलं, मी लहान असताना तुझ्या आबांच्या ताटातला शेवटचा घास माझा असायचा. तो म्हणाला, मग तुलापण बशी द्यायचे का? नाही रे, म्हटलं, आबा आपणहून भरवायचे.

हं. आता त्या दोन गोष्टी.

पहिली. माझं काम मार्चअखेर संपणार होतं, ते जुलैअखेरपर्यंत लांबलंय. चाचण्या रखडल्यात. मला विचारलं होतं, आणि मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. थोडं कामासाठी, थोडं भत्त्यासाठी. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते. माझं इथं राहायच्या परवान्याचं कार्ड आहे, मला अडचण नाही. प्रसाद आणि चिनू मात्र फिरायच्या व्हिसावर आलेत, त्याला १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते. ते भरत आले. २८ मार्चला दोघं निघतील. प्रसादची बिनपगारी रजाही संपते, त्याला एप्रिलपासून पुण्यात हजर व्हायचंय. तेव्हा शाळा सुरू होईपर्यंत चिनूला कराडला ठेवायचं म्हणतेय. मनूच्या लग्नाच्या धावपळीत हे ओझं आहे, मला कळतं. आई, तुझे गुडघे मला माहीत आहेत. त्याला उचलून घेऊ नकोस, त्याला चालता येतं. संध्याकाळी बाबांनी प्रीतिसंगमावर नेलं तरी पुरे. तुम्ही नाही म्हणणार नाही हे ठाऊक असताना विचारणं बरं नव्हे, पण विचारतेय.

दुसरी. मनूच्या साखरपुड्याला मी नसेन. तिला मी वेगळं सांगितलंय, ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिची समजूत काढू नका, ती माझी मी काढीन. लग्नाला मात्र येतेय. दहा दिवसांची रजा लेखी घेतलीय, तिकीटही काढलंय. हळदीच्या आदल्या दिवशी पोचते. पाहुण्यांनी "थोरली कुठाय" विचारलं तर कामावर आहे म्हणावं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि बाबा, हॉलच्या पैशासाठी एफडी मोडायचं तुम्ही मनात धरलंय, हे मला आईकडून नाही, बँकेतल्या तुमच्या खेपांवरून कळलं. मोडू नका. बुधवारपर्यंत तुमच्या खात्यात तीन लाख येतील. मुलीचे पैसे कसे घ्यायचे, हे मला लिहू नका. मुलगा असता तर तुम्ही मागच्याच महिन्यात त्याला फोन केला असता. परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही हात धुवायला उठायच्या आधी मी गल्ल्यावर जाऊन आलेय, असं समजा.

चिनू तुमच्याकडे आला की जेवताना रिकामी बशी मागेल. हट्ट वाटेल, पण द्या. आबांच्या ताटातलं जे लागेल ते त्याला उचलू द्या, तिखट तेवढं जपा.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच. आई, काकूला काय सांगायचं ते तूच ठरव. मनूला खूप खूप प्रेम.

तुमची,
ताई

ता. क. प्रसादच्या बॅगेत गोड्या मसाल्याचा रिकामा डबा पाठवतेय. भरून ठेव. मे महिन्यात आले की घेऊन जाईन.