टॉवेल ज्याचा त्याचा

केम्निट्झ, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो आणि आता पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण आपला फोन म्हणजे चावडी. तू बोलत असतेस, मागे अप्पांच्या बातम्या चालू, वहिनी मधेच डोकावते, छोट्या मोबाइल हिसकावतो. त्या गर्दीत 'आई, तुझ्या कमरेची खाज गेली का गं?' हे कसं विचारणार? म्हणून लिहिते.

मला जूनपासून अंगाला खाज आहे. तुला बोलले नाही, कारण तू रात्रभर झोपली नसतीस. मे महिन्यात घरून परत आले आणि महिन्याभरात जीन्सच्या पट्ट्याखाली रुपयाएवढा लाल चट्टा उठला. आधी वाटलं पट्टा घासला. मग वाटलं कपड्यांची पावडर बदलली म्हणून. मग शेंगदाणे बाधत असतील म्हणून तुझी चटणी बंद केली. त्यावरून ओळख किती घाबरले होते ते. चट्टा मात्र पसरतच होता. मधली कातडी बरी दिसायची आणि कड लाल, खवल्यांची, बाहेर बाहेर सरकणारी.

तू बॅगेत घातलेली ट्यूब होतीच. लावली. दोन दिवसांत खाज गायब! तुला मनातल्या मनात हात जोडले. आठवड्यानं लावायची थांबवली, तर पुन्हा आलं, आता मांडीवरही. असं तीनदा झालं. जुलैत ट्यूब संपली. इथल्या औषधाच्या दुकानात रिकामी ट्यूब दाखवली, तर ती बाई म्हणाली, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. फार राग आला. आपल्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला न विचारता देतो आणि ही कोण लागून गेली! मग ते असं भडकलं की जागरणं सुरू झाली. रात्री उठून फणीच्या पाठीनं खाजवायचे. त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळाली सात आठवड्यांनी. जर्मनीत सगळं वेळेवर होतं म्हणतात, फक्त ती वेळ कधीची असते ते सांगत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी आधी बोटांच्या बेचक्या पाहिल्या. तिथं पुटकुळ्या असत्या तर खरूज, म्हणाल्या. नव्हत्या. मग चट्ट्याच्या कडेचे खवले पात्यानं खरवडून काचेवर घेतले, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवलं. धाग्यांचं जाळं गं, अगदी विस्कटलेल्या सुतासारखं! बुरशी. म्हणजे आजी ज्यावर टाकळ्याच्या बिया वाटून लावायची तोच नायटा.

मग त्यांनी ट्यूब वाचली. एकात तीन औषधं : बुरशीचं, अँटिबायोटिक आणि एक कडक स्टेरॉइड. अप्पांना समजेल असं सांगते. आडवा धागा तुटला की माग थांबवणारा काटा असतो ना, तो कुणी बांधून ठेवला तर माग धडाधड चालत राहील आणि कापड बिघडतच जाईल. स्टेरॉइड तेच करतं. शरीर त्या बुरशीशी भांडतं म्हणून लाली आणि खाज येते. स्टेरॉइड ते भांडणच बंद पाडतं. आपल्याला वाटतं बरं झालं, आणि बुरशी आत निवांत वाढते. शिवाय रोज लावलं की कातडी पातळ होते, तिच्यावर पट्टे उमटतात, आणि ते पट्टे जात नाहीत. आपल्याकडेही २०१८ पासून अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. कागदावर.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला चार आठवडे गेले. या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नाव दिलंय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. नावातच 'इंडो'! सोलापूरनं जगात चादर पोचवली आणि मी हे. नेहमीची गोळी, टर्बिनाफिन, हिच्यावर पुष्कळदा चालत नाही. म्हणून मला इट्राकोनाझोल दिलंय, आठ आठवडे, जेवणानंतर. चौथा चालू आहे. चट्टे आता नुसते तपकिरी डाग उरलेत. खाज गेली तरी मधेच सोडायचं नाही, असं बाईंनी बजावलंय.

आता ज्यासाठी हा कागद काळा केला ते. बाईंनी विचारलं, घरात कुणाला आहे का? मी ठामपणे नाही म्हटलं. बाहेर ट्राममध्ये बसले आणि आठवलं. स्वयंपाकघरात पाठ करून, पळीच्या दांड्यानं परकराच्या नाडीखाली खाजवत होतीस तू. मी आत आले तशी पळी धुऊ लागलीस. ट्यूब तुझ्या उशीखाली होती. अप्पाही कारखान्यातून मांडी खाजवत येतात आणि घामोळं म्हणतात. मी महिनाभर तुझ्या शेजारी झोपले, तुझाच टॉवेल वापरला. तुझ्यामुळं झालं असं म्हणत नाहीये मी, कुठं लागण झाली ते कोण सांगणार. पण तू किती वर्षं सोसते आहेस गं? लाजेची जागा म्हणून?

ट्यूब बंद कर. बंद केल्यावर काही दिवस जास्त भडकेल, माझं भडकलं तसं. तेव्हा घाबरून पुन्हा लावू नकोस, त्याआधीच डॉक्टर गाठ. सिव्हिलमध्ये त्वचेचा विभाग आहे. बाईडॉक्टर हवी तर तसं विचार. अप्पा, वहिनी, छोट्या, ज्याला ज्याला चट्टा आहे त्यानं एकाच वेळी दाखवायचं, नाहीतर एकाचं दुसऱ्याला फिरत राहतं.

आणि टॉवेल ज्याचा त्याचा. टॉवेल विणणाऱ्या घरात सहा माणसांना दोन टॉवेल, हे बाहेर कुणाला सांगू नकोस! नळ पाच दिवसांनी येतो, रोज वेगळं धुणं जमणार नाही, माहीत आहे मला. निदान तुमच्या दोघांचे आतले कपडे आणि टॉवेल गरम पाण्यात वेगळे भिजव आणि उलटे करून गच्चीवर टाक. इथं मी ते साठ अंशांवर मशीनमध्ये फिरवते आणि ऊन मात्र दिसत नाही. तुझ्या गच्चीवर ते फुकट आहे. ओलसर परकर अंगावर वाळवायची सवयही सोड.

डॉक्टरकडे जाऊन आलीस की फोनवर सगळ्यांसमोर नुसतं 'टॉवेल वाळले' म्हण.

तुझी,
बेबी

ता. क. अप्पांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखव. इट्राकोनाझोल त्यातल्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही, आणि हृदयाचा त्रास असला तर तोही आधी सांगायचा. माझं पाहून कुणी परस्पर मेडिकलमधून आणू नका. चटणी पुन्हा सुरू केलीय, अर्धा किलो पाठव.