खांदा दुखतो, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत दुर्बिणीच्या ऑपरेशनवरचा लेख वाचला. फायदे लिहिलेत ते खरे आहेत, आमच्या घरानेच अनुभवलेत. १९८६ साली आईची पित्ताची पिशवी काढली, तेव्हा उजव्या बरगडीखाली वीतभर चिरा होता. खोकला आला की ती पोटाशी उशी दाबून धरायची. गेल्या मार्चमध्ये सौ.ची पिशवी चार भोकांतून निघाली, त्यातलं मोठं भोक जेमतेम सेंटिमीटरभर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली.

पण ‘वेदना नगण्य’ हे वाचून राहवलं नाही. त्याच रात्री दोन वाजता तिने मला उठवलं. टाके दुखत नव्हते, उजवा खांदा ठणकत होता, खोल श्वास घेतला की जास्तच. मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघंच. मला हार्टशिवाय दुसरं काही सुचेना. शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीतून रामबागेतून परत दवाखाना गाठला. ईसीजी होईपर्यंत माझे हात कापत होते. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, “अंकल, गैस का दर्द है, दो-तीन दिन में चला जाएगा.” आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने छाती आणि पोटामधला पडदा दुखावतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या नसाही तिथल्याच, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं.

समजावायला त्याला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं सुटी देताना कुणालाच का मिळाली नाहीत? ईसीजी काढला ते योग्यच झालं, शंका आली तर जायलाच हवं. पण आधी कळलं असतं तर तिने ती रात्र मरणाच्या भीतीत काढली नसती. हातात दिलेला कागद इंग्रजीत, आणि त्यातही खांद्याचा उल्लेख नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सर्जन डॉ. उदवाडियांनी १९९० सालीच दुर्बिणीने पित्ताशय काढलं होतं. एवढ्या वर्षांत हे एक वाक्य हिंदी-मराठीत छापून द्यायला काय हरकत होती? गरज पडली तर पोट उघडावं लागेल, हे मात्र सौ.च्या सर्जननी आधीच नीट सांगितलं होतं, त्याबद्दल त्यांचे आभार.

आणखी एक. लेखातली चौकट फिक्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत छापली आहे. भिंग घेऊनही मला शेवटच्या चार ओळी लागल्या नाहीत. पुरवणी आजाऱ्यांसाठी असेल, तर अक्षर काळं आणि मोठं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, रामबाग, इंदूर