आधी पुरावा, मग ब्लॉक

संपादक महोदय,

खासगी फोटो पसरवण्याची धमकी मुलाला आली, की घरचे आधी फोन हिसकावतात आणि सगळे डिलीट करतात. पुरावा तिथेच संपतो. आधी युजरनेम, तारीख आणि वेळ दिसेल असे धमकीचे स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलची लिंकही जपा. एकाच नावाची खाती ढिगाने असतात. मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक. पैसे देऊ नयेत. एकदा मिळाले की मागणी सहसा वाढतेच. तो फोटो मात्र पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका.

अठरा वर्षांखालील वयातल्या अशा फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा २०२३ पासून आहे. फोटो फोनबाहेर जात नाही. त्याचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, तेवढा पाठवला जातो. सहभागी कंपन्या तो जुळवून आपल्या ॲप-साइटवरून फोटो हटवतात. एआयने बनवलेल्या नग्न फोटोंनाही ती चालते. पण फोटो थोडा कापला तरी ठसा बदलतो, नवा द्यावा लागतो. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे कंपनीलाही मजकूर दिसत नाही अशा चॅटमध्ये, तर त्याचा उपयोगच नाही.

आणि ‘अक्कल कुठे गेली होती?’ हे त्या रात्री विचारू नका. मूल गप्प झाले, तर युजरनेमही कळणार नाही.

— एक सायबर सुरक्षा प्रशिक्षक